पवित्र शंख : वर्गीकरण आणि नामकरण

देवपूजेत फुंकला जाणारा शंख हे एका सागरी गोगलगायीचे कवच आहे. तिचे आजचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम (लिनीअस, १७६७). मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील टर्बिनेलिडी कुलात तिचा समावेश होतो. मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात आणि श्रीलंकेचा किनारा येथे ती वाळूच्या तळावर राहते व सागरी कृमी खाते. जिवंतपणी तिच्या कवचावर तपकिरी, मखमली आवरण असते. ते खरवडून काढल्यावरच शंख पांढरा दिसतो.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी तिला व्होल्युटा पायरम असे नाव दिले होते. कवचाच्या मधल्या स्तंभावर घड्या असणाऱ्या बऱ्याच गोगलगायी ते व्होल्युटा या एकाच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घालत, आणि शंखाच्या स्तंभावर तशा ३-४ ठळक घड्या असतात. ‘पायरम’ म्हणजे नासपती. कवचाचा आकार तसाच आहे. पुढे प्रजाती बदलली, तरी जातिनाम टिकले. असा बदल झाला की मूळ नामकर्त्याचे नाव व वर्ष कंसात लिहायचे, हा प्राणिनामकरणाचा नियम आहे. त्या साध्या कंसामुळे नावाचा इतिहास वाचकाला लगेच कळतो.

प्रजातीच्या नावाबाबत मात्र पेच होता. हॅम्बुर्गचे वैद्य बोल्टेन यांच्या शिंपल्यांच्या संग्रहाची यादी रोडिंग यांनी १७९८ मध्ये छापली. तीत ‘झँकस’ हे नाव होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांचे ‘टर्बिनेला’ त्यानंतर एका वर्षाने, १७९९ मध्ये आले. आधीचे नाव ग्राह्य धरण्याच्या नियमानुसार झँकस जिंकायला हवे होते, आणि अनेक अभ्यासकांनी ते वापरलेही. हे नाव ‘शंख’ या आपल्याच शब्दावरून आलेले, त्यामुळे ते गेल्याची हळहळ वाटते. अखेर आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने १९५७ मध्ये विशेषाधिकार वापरून टर्बिनेला कायम केले. तरीही भारतीय मत्स्यविज्ञानाच्या जुन्या लेखांत ‘झँकस पायरम’ भेटते. ती वेगळी जात नव्हे.

दक्षिणावर्ती शंखही वेगळी जात नाही. याच जातीत क्वचित उलट्या वळणाची कवचे सापडतात, आणि तीच दक्षिणावर्ती म्हणून पुजली जातात. प्राणिशास्त्र शिखर वर धरून कवच पाहते, म्हणून ते यांना वामावर्त ठरवते. परंपरेत शिखर खाली धरतात, म्हणून दिशेचे नाव उलटते. शंख तोच राहतो.

दुर्मिळतेमुळे यात फसवणूक पुष्कळ होते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील व मेक्सिकोच्या आखातातील बुसिकॉन गटाच्या काही गोगलगायी जन्मतःच डाव्या वळणाच्या असतात. त्यांची कवचे ‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकली जातात. खात्री करायची असेल तर कवचाच्या तोंडातून आतला स्तंभ पाहावा : बुसिकॉनचा स्तंभ गुळगुळीत असतो, टर्बिनेलाच्या स्तंभावर घड्या असतात.