ग्लॅडिएटर, जव आणि कॅल्शियमचा तोतया

‘रोमचे ग्लॅडिएटर शाकाहारी होते, हे आता विज्ञानानेच सिद्ध केलंय’ असा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. सोबत पिळदार दंडाचं चित्र, आणि खाली बहुतेक वेळा कसली तरी पावडर विकायला ठेवलेली. (ग्लॅडिएटर म्हणजे रोमन रिंगणात लोकांसमोर झुंजणारे योद्धे.) गंमत अशी की यामागे खरंच एक संशोधन आहे आणि ते चांगलं आहे. फक्त ते जे सांगतं ते फॉरवर्डमध्ये नसतं.

प्रकरण आहे इफेससचं. तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, सेल्चुक गावाजवळ या रोमन शहराचे अवशेष आहेत. 1993 मध्ये ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांना तिथे ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. समाधीच्या दगडांवर शस्त्रधारी योद्धे कोरलेले, आणि खालची हाडं जवळजवळ सगळी विशी-तिशीतल्या पुरुषांची. काळ इसवी सनाचं दुसरं-तिसरं शतक. एका मांडीच्या हाडाला गुडघ्याच्या टोकाशी चार भोकं आहेत, चौकोनात मांडल्यासारखी. चार दात्यांच्या हत्याराने एकाच वेळी पडलेली. काही कवट्यांवरच्या जखमा मात्र नीट भरून आलेल्या दिसतात. म्हणजे प्रत्येक झुंज एकाचा जीव घेऊनच संपायची हे काही खरं नाही. जखमी योद्ध्यावर औषधोपचार व्हायचे. जवळच्याच पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून इ.स. 157 पासून काम करणारा माणूस होता साक्षात गेलेन, प्राचीन काळातला नामांकित वैद्य.

या हाडांमधून आहार शोधायचं काम बर्न आणि व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी केलं. 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 22 ग्लॅडिएटर आणि त्याच शहरातली 31 सामान्य माणसं, अशी तुलना. त्यात एका आकड्याने सगळ्यांचं लक्ष वेधलं: ग्लॅडिएटरांच्या हाडांत कॅल्शियमच्या तुलनेत स्ट्रॉन्शियम ठळकपणे जास्त होतं.

आता हे स्ट्रॉन्शियम. आवर्तसारणीत ते कॅल्शियमच्या बरोबर खाली बसतं. बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, ते दोन्ही देऊन टाकायचे, हा स्वभाव दोघांचा सारखाच. फरक आकाराचा: कॅल्शियमच्या आयनाची (इलेक्ट्रॉन देऊन बसलेल्या अणूची) त्रिज्या साधारण 100 पिकोमीटर, स्ट्रॉन्शियमची 118. हाडातल्या खनिजाच्या जाळीत कॅल्शियमच्या जागी ते सहज शिरून बसतं. थोडक्यात, हा कॅल्शियमचा तोतया.

झाडं या तोतयाला फारसं ओळखत नाहीत. मातीतून कॅल्शियम घेताना मुळं स्ट्रॉन्शियमही ओढून घेतात. प्राण्याचं शरीर मात्र दोन ठिकाणी झडती घेतं. आतडं कॅल्शियम आवडीने शोषतं आणि स्ट्रॉन्शियम बरंचसं पुढे ढकलतं. जे रक्तात पोचतं त्यातलंही मूत्रपिंड प्राधान्याने बाहेर टाकतं, कॅल्शियम मात्र परत खेचून घेतं. त्यामुळे गवतात स्ट्रॉन्शियमचं कॅल्शियमशी जे गुणोत्तर असेल, ते गाईच्या हाडात काही पटींनी घटतं. त्या गाईला खाणाऱ्या वाघाच्या हाडात ते आणखी घटतं. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर तोतया गळत जातो. दुधात तो आणखीच कमी, कारण दूध तयार होतानाही चाळणी लागतेच. तरीही 1950 च्या दशकात अणुचाचण्यांतलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 गवत, गाय, दूध या वाटेने लहान मुलांच्या दातांपर्यंत पोचलं. आणि हाड काही कालच्या जेवणाची नोंद ठेवत नाही. ते सतत मोडत-घडत असतं, म्हणून त्यात निदान काही वर्षांची सरासरी उतरते.

मग गुणोत्तर जास्त म्हणजे माणूस शाकाहारी, झालं की सिद्ध? इथेच घोटाळा होतो. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, ते असतं हाडात. त्यामुळे एखाद्याने रोज शेरभर मांस आणि वाटीभर शेंगा खाल्ल्या, तरी त्याच्या हाडातलं कॅल्शियम, आणि त्याच्यासोबत आलेलं स्ट्रॉन्शियम, येणार मुख्यतः शेंगांतून. हे गुणोत्तर सांगतं ते इतकंच की कॅल्शियम कुठून आलं. मांस खाल्लं की नाही, यावर ते गप्प असतं.

मांसाचा हिशोब नायट्रोजन ठेवतो. त्याचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण जास्त वजनाचा अणू), नायट्रोजन-15, अन्नसाखळीच्या दर पायरीला हजारी तीन ते पाचने वाढतो. कार्बनचा समस्थानिक वेगळं काही सांगतो: गहू, जव, कडधान्यं, तांदूळ एका गटात पडतात आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या. (भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराचं हाड आणि भातावर वाढलेल्या रत्नागिरीकराचं हाड प्रयोगशाळेत वेगळं ओळखू येईल.) इफेससची माणसं पहिल्या गटातली. आणि नायट्रोजनमध्ये ग्लॅडिएटर व बाकीचं शहर यांच्यात दखल घ्यावी असा फरकच सापडला नाही. म्हणजे धान्य आणि कडधान्य हाच मुख्य आहार असलेले ग्लॅडिएटर एकटे नव्हते, गाव तसंच जेवत होतं.

उरलं ते जास्तीचं स्ट्रॉन्शियम. संशोधकांनी बोट ठेवलं राखेवर. लाकूड जळलं की त्यातलं कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम राखेत मागे राहतं. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने व्हारो या आधीच्या रोमन विद्वानाचा हवाला देऊन लिहून ठेवलंय की चुलीची राख घातलेलं पेय औषधी असतं आणि झुंजीनंतर ग्लॅडिएटरांना ते उपयोगी पडतं. दोन्ही गोष्टी जुळतात, पण हा अंदाज आहे. राख हाडात सापडलेली नाही, सापडलंय ते गुणोत्तर. बातम्यांनी मात्र लगेच ‘रोमन एनर्जी ड्रिंक’ असा मथळा ठोकला. आपल्याकडे अंगाऱ्याची पुडी आणि भस्माच्या गोळ्या विकणाऱ्यांना हा मथळा अजून सापडला नसावा, नाहीतर डबीवर ग्लॅडिएटर आलाच असता. राखेचं पाणी अल्कलीयुक्त असतं, दाट असेल तर घसा भाजतो. कॅल्शियमच हवं असेल तर नाचणी आहे, दूध आहे.

ग्लॅडिएटर जव खायचे हे प्लिनीही सांगतो. जव आणि पावट्यासारख्या शेंगांच्या लगद्याने अंग घट्ट होत नाही, सैल होतं, अशी गेलेनची तक्रार होती. अंगावर चरबीचा थर असावा म्हणून हे मुद्दाम खायला घालत, असंही एक मत आहे. मला त्यात कल्पनाशक्तीच जास्त दिसते. बहुतेक ग्लॅडिएटर गुलाम, युद्धकैदी नाहीतर शिक्षा झालेले गुन्हेगार. ताटात काय पडायचं ते मालक ठरवायचा, आणि जव गव्हापेक्षा स्वस्त होता. रोमन सैन्यात तर पळपुट्या तुकडीचा गहू बंद करून तिला जव देत असत, शिक्षा म्हणून.