नेढं टोकाला आलं

आजीच्या पायमशीनचं चाक हाताने अगदी सावकाश फिरवायचं आणि सुई खाली उतरताना बघत बसायचं, हा माझा लहानपणीचा नाद. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं मात्र पुढच्या, अणकुचीदार टोकाजवळ. सगळी करामत एवढ्याशा फरकात आहे.

हाताने शिवताना अख्खी सुई कापडातून आरपार जाते आणि तिच्यामागून अख्खा दोरा ओढावा लागतो. यंत्राने हेच करायचं म्हटलं, तर सुई एका बाजूला सोडा, दुसऱ्या बाजूला पकडा, पुन्हा उलट फिरवा! नेढं टोकाशी आलं की सुईने पलीकडे जायचं कारणच उरत नाही. ती दोरा घेऊन कापडाखाली उतरते आणि किंचित वर यायला लागते. दोरा कापडात अडकून राहतो, तिच्याबरोबर वर येत नाही. त्याचा बाजूला छोटासा फास फुगतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ (बॉबिन) वाहून नेणाऱ्या भागाचं, टोक फासात शिरतं आणि बॉबिनचा दोरा त्यातून पार होतो. सुई वर जाते, दोरा आवळला जातो आणि दोन्ही दोऱ्यांचा विळखा कापडाच्या जाडीत लपतो. म्हणून टीप वरून-खालून सारखी दिसते. खालून सैल पडली की आजी वरच्या दोऱ्याचा स्क्रू थोडा आवळायची.

अशी टीप घालणारं यंत्र अमेरिकेत वॉल्टर हंटने 1830च्या दशकातच बनवलं होतं, पण तेव्हा त्याने पेटंट घेतलं नाही. (सेफ्टी पिनही त्याचीच.) पेटंट मिळालं एलायस हाऊला, 1846 साली. त्याच्या यंत्रात कापड उभं टांगावं लागे. थोडं शिवलं की काढून पुन्हा लावा. 1851 मध्ये आयझॅक सिंगरने सुई उभी केली आणि कापड आडव्या पाटीवर आणलं. ॲलन विल्सनने खाली दाते बसवले: वर येतात, कापड टाकाभर पुढे सरकवतात, खाली बसतात, रिकामेच मागे जातात.

हाताने 14 तास घेणारा पुरुषाचा सदरा मशीनवर सव्वा तासात होतो, असा तेव्हाचा हिशेब होता. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिलाई मशीनला अपवाद मानलं.

वाचलेले तास गेले कुठे, हा प्रश्न मला जास्त छळतो. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याच्या यंत्रांवर पॅरिसमध्ये लष्करी गणवेश शिवले जात. 1831 साली तिथल्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. त्यांची भीती निराधार नव्हती. पुढे न्यूयॉर्क-लंडनमध्ये तयार कपड्यांचा धंदा फोफावला, तेव्हा मजुरी नगावर मिळे. भाव पडला की तेवढ्याच पैशांसाठी जास्त नग शिवायचे. घरी काम आणणाऱ्या कितीतरी बायका रात्री उशिरापर्यंत पाय मारत बसत, आणि मशीनचा हप्ता नि दोऱ्याचा खर्च पुष्कळदा त्यांच्याच मजुरीतून जाई.