मराठीची हद्द कुठे संपते? पुण्यातल्या बोली-अभ्यासाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि गाथासप्तशती, नाणेघाट, श्रवणबेळगोळ ही मराठीच्या जुनेपणाच्या पुराव्यांची नावे भाषेच्या अभ्यासकांबाहेरही बोलली जाऊ लागली. मराठी किती जुनी आहे यावर आता सगळे बोलतात. मराठी किती तऱ्हांनी बोलली जाते, यावर बोलणारे अजूनही थोडे आहेत. पुण्यात दोन्ही अंगांनी काम झाले आहे, पण बोलींच्या अभ्यासाला प्राचीनतेच्या अभ्यासाइतका मान कधी मिळाला नाही.

सुरुवात अर्थातच संस्कृतपासून झाली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली, तिचे पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले. संस्कृतातून प्राकृत आणि प्राकृतातून आजच्या भाषा कशा आल्या, याची मांडणी एका मराठी पंडिताने १८७७ च्या मुंबईतल्या व्याख्यानांत केली होती. पुढची पिढी त्यावरच वाढली. आधार पोथ्यांचा, शिलालेखांचा आणि जुन्या व्याकरणांचा होता. शेतात, बाजारात माणूस काय बोलतो हे टिपण्याचे काम कॉलेजचे आहे, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते.

ते काम सरकारने भारताच्या भाषिक सर्वेक्षणातून केले. १८९४ पासून देशाच्या मोठ्या भागातून नमुने गोळा झाले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने कोणाकडून तरी बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे स्थानिक बोलीत भाषांतर करून घ्यायचे, सोबत एखादी गावची गोष्ट आणि शब्दांची ठरलेली यादी जोडायची, अशी रीत होती. मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. हैदराबाद संस्थान या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते, म्हणजे आजचा मराठवाडा सुटला. त्या वेळी आखलेल्या रेषा आजही आपल्या याद्यांत आहेत, म्हणून त्यातल्या दोन लक्षात ठेवाव्यात. कोकणीला मराठीची बोली ठरवून मराठीच्या खंडात घेतले. खानदेशीला मात्र मराठीबाहेर काढून भिल्ली भाषांसोबत, गुजरातीच्या शेजारी बसवले.

येरवड्याचे कॉलेज १९३४ मध्ये सरकारने बंद केले. देणगीच्या अटींवर बोट ठेवून माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि १९३९ मध्ये तिथे संशोधन संस्था उभी राहिली. भाषाविज्ञान पहिल्यापासून तिच्या विषयांत होते. १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या १ कोटीच्या घरात गेली. पहिला भाग १९७६ मध्ये आला, आणि अजून ‘अ’ हे अक्षर संपायचे आहे. एवढ्या धीराचे काम या शहराने चालू ठेवले, याचा अभिमान वाटतो. पण त्याच आवारात १९५०च्या दशकात जे घडले, ते मला अधिक मोलाचे वाटते. १९५४-५५ पासून एका अमेरिकी प्रतिष्ठानाच्या मदतीने भाषाविज्ञानाची शिबिरे भरू लागली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण प्राध्यापक आले. समोर निवेदक, म्हणजे ती बोली बोलणारा माणूस, बसवायचा, त्याच्या तोंडून एकेक शब्द काढून घ्यायचा, उच्चार ध्वनिलिपीत टिपायचा, स्वनिम (अर्थ बदलणारे ध्वनी) ठरवायचे आणि मग व्याकरणाकडे वळायचे, हे ते इथे शिकले. न लिहिलेल्या बोलीलाही पूर्ण व्याकरण असते, हे पोथीवर वाढलेल्या विद्वत्तेने प्रत्यक्ष ऐकून मान्य केले. स्वातंत्र्योत्तर भारतातल्या भाषाविज्ञानाच्या विभागांपैकी कितीतरी या शिबिरांतून तयार झालेल्या माणसांनी चालवले.

ही पद्धत मराठीच्या बोलींना लागू झाली ती नव्या राज्यात. महाराष्ट्र १९६० मध्ये झाला, आणि लवकरच राज्याच्या साहित्य-संस्कृतीच्या मंडळाने बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका काढली. १९६३ मध्ये आलेला तिचा पहिला खंड दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या कोकणीचा होता. मालिकेचे नाव मात्र ‘मराठी बोलींचे सर्वेक्षण’.

हा निर्णय नुसता ग्रंथपालाच्या सोयीचा नव्हता. गोवा मुक्त होऊन दोनच वर्षे झाली होती आणि तो महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावर वातावरण तापले होते. कोकणी ही मराठीचीच बोली, हा विलीनीकरणवाद्यांचा मुख्य मुद्दा होता. कारवार, सुपे, हल्याळवरचा महाराष्ट्राचा दावाही त्याच गृहीतावर उभा होता. अशा वेळी राज्याच्या पैशाने निघालेल्या मालिकेत कोकणीचे वर्णन मराठी बोलींच्या शीर्षकाखाली यावे, याचा अर्थ गोव्यात काय लावला जाणार हे उघड होते. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारले. त्याच वर्षी सीमा आयोगाच्या अहवालात कारवारही महाराष्ट्राकडे आले नाही. पुढे १९७५ मध्ये साहित्याच्या राष्ट्रीय संस्थेने कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

माझ्या मते ते शीर्षक चुकीचे होते, आणि तेव्हाही ते टाळता आले असते. आतले काम मात्र पक्के आहे. ध्वनी, रूपे, वाक्ये, बोललेल्या गोष्टींचे नमुने आणि शब्दसंग्रह हे सारे कोकणीला भाषा म्हटले काय किंवा बोली म्हटले काय, तसेच उपयोगी पडते. साठ वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर लोक कसे बोलत होते हे आज जाणून घ्यायचे, तर अशा खंडांवाचून गत्यंतर नाही. दुसरा खंड १९६५ मध्ये कुडाळीवर, म्हणजे कुडाळकडच्या बोलीवर निघाला. तिथे तर हद्दीचा प्रश्न आणखी अवघड होतो. ‘माका’, ‘तुका’ म्हणणारा सिंधुदुर्गातला माणूस शाळेत मराठी शिकतो, दशावतार पाहतो, आणि स्वतःच्या बोलीला मालवणी म्हणतो.

खानदेशातल्या अहिराणीची गोष्ट नेमकी उलट आहे. ‘मना भाऊ’, ‘तुनी माय’ यांतला ना-नी गुजरातीच्या नो-नीजवळचा, आणि ‘आहे’ या अर्थी येणारा ‘शे’ही ‘छे’ची आठवण करून देणारा. पण ‘माले’, ‘तुले’ मधला ‘ले’ थेट वऱ्हाडीच्या ‘मले’, ‘तुले’शी जुळतो. षष्ठीच्या प्रत्ययाला वजन दिले की ती पश्चिमेकडे सरकते, चतुर्थीच्या प्रत्ययाला दिले की पूर्वेकडे. शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षकांनी पहिल्याला वजन दिले. महाराष्ट्रातले अभ्यासक बहुतेक वेळा तिला मराठीच्या बोलींत धरतात. त्यात खानदेशी म्हणजे अहिराणीच असे समजण्याची सवय पडल्यामुळे जळगावच्या पूर्वेकडची लेवा गणबोली हिशेबातून गळते.

जनगणनेत जुन्या रेषा बऱ्याच अंशी तशाच आहेत. १९६१ मध्ये १,६५२ मातृभाषांची यादी छापली गेली होती. १९७१ पासून १०,००० पेक्षा कमी भाषक असलेली नावे वेगळी दाखवणे थांबले. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली नावे १९,५६९ होती. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्यांची बांधणी १२१ भाषांत झाली. अहिराणी सांगणारा खानदेशीत मोजला जातो. खानदेशी ही अनुसूचीबाहेरची स्वतंत्र भाषा असून तिचे भाषक १८ लाखांहून अधिक नोंदले गेले. मालवणी सांगणारा कोकणीत जातो. त्याच घरातल्या दुसऱ्याने ‘मराठी’ सांगितले तर तो मराठीच्या ८ कोटींत मिळतो. मराठीच्या किंवा कोकणीच्या संख्येवरून वाद घालणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

गेल्या काही वर्षांत पुण्यातून राज्याच्या बोलींचे नवे सर्वेक्षण झाले आहे. त्यात बोलीचे नाव आधी ठरवून मग तिचे वर्णन करायचे, हा क्रम सोडला आहे. गावोगाव एकाच अर्थाचे शब्द आणि रूपे ध्वनिमुद्रित करायची, आणि प्रत्येक वैशिष्ट्याचा वेगळा नकाशा काढायचा. मुलाला कुठे पोरगा म्हणतात, कुठे पोट्टा, कुठे झील, कुठे आंडोर. या शब्दांच्या रेषा प्रत्ययांच्या रेषांवर बसतीलच असे नाही, आणि जिल्ह्यांच्या सीमांवर तर नाहीच. या नोंदी कोणालाही पाहता-ऐकता येतात. हे काम त्या १९६३ च्या खंडाच्या पुढचे आहे. सर्वेक्षण राज्यापुरते असल्यामुळे नकाशे मात्र राज्याच्या सीमेवर थांबतात. बेळगाव, कारवार, डांग, बऱ्हाणपूर आणि बस्तरकडच्या हलबीचा प्रदेश जोडल्याशिवाय ‘ना’ कुठे ‘चा’ होतो आणि ‘ले’ कुठे ‘ला’ होतो, हे पूर्ण दिसणार नाही. त्यासाठी शेजारच्या राज्यांतल्या विद्यापीठांना एकच प्रश्नावली वापरावी लागेल.