मर्यादवेल की रानअबई?

शिगम्याच्या सुमारास गोव्यातले सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, करपलेले असतात. पावसाळी फुलांचा तिथे मागमूसही नसतो. मग काब द राम, आगोंदच्या बाजूला कातळांमधल्या वाळूत जांभळे फूल दिसले की फोटो निघतो आणि खाली ठरलेले नाव पडते : मर्यादवेल. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण त्याच वाळूत आणखी एक जांभळ्या फुलांची वेल पसरते, तिला कोणी विचारत नाही.

मर्यादवेल ओळखीचीच आहे : गारवेलीच्या कुळातली, फूल नरसाळ्यासारखे, गळ्याशी गडद. दुसरी शेंगवर्गातली, भाजीच्या अबईची समुद्रकाठची बहीण. इथे तिला रानअबई म्हणू. तिचे फूल वालपावट्याच्या घडणीचे, पण उलटे टांगलेले : मोठी पाकळी वर नसून खाली असते. फुलांत गोंधळ व्हायला नको, तरी होतो, कारण लोक सूर्यास्ताला जातात. मर्यादवेलीचे फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटून चुरगळते. चुरगळलेले नरसाळे लांबून कशासारखेही दिसते. नऊ-दहाच्या आत जा.

खरी फसगत पानात आहे. मर्यादवेलीचे पान आपट्यासारखे दुभंगलेले, हे पाठ असते. रानअबईच्या पर्णिकाही, म्हणजे एकाच पानाची सुटी पाती, गोलसर, जाड आणि टोकाशी किंचित खाचलेल्या. खाच दिसली की लोक थांबतात. थांबू नका, देठ धरून वेलीपर्यंत बोट न्या. देठावर एकच पान, मग ते कितीही खोल चिरलेले असो, तर मर्यादवेल. तीन पर्णिका असल्या तर रानअबई. एखादी पर्णिका गळून दोनच उरल्या असतील तर 'दुभंगलेले पान' म्हणून हमखास चूक होते, म्हणून शेजारची चार पाने पाहा. तरी शंका असेल तर एका पानाचा देठ मोडा : मर्यादवेलीतून पांढरा चीक येतो, रानअबईतून नाही.

त्यातही एक मेख आहे. दोन्ही वेली एकमेकींत गुंतून वाढतात आणि रानअबईचा तुरा लांब दांड्यावर येतो, त्यामुळे तिचे फूल शेजारणीच्या पानांतून डोकावते. फूल एकीचे, पान दुसरीचे, असे फोटो डोक्याला ताप असतात. फुलाचा दांडा ज्या पेऱ्यातून निघतो, त्याच पेऱ्याचे पान बघायचे. नुसत्या फुलाचा जवळून काढलेला, मागचे सगळे धूसर केलेला फोटो ओळखीसाठी कुचकामी. पेऱ्यासकट काढा.

फळ मिळाले तर प्रश्नच मिटतो : मर्यादवेलीचे गोल बोंड, आत चार लवदार बिया, रानअबईची चांगली बोटभर लांब, जाड शेंग. अबईच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते म्हणून ही तोडून नेऊ नका. हिच्या कच्च्या बिया विषारी असतात.

आणि ओळख पटवायला वेल उपटायची गरज नाही. मर्यादवेल पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडून वाळू धरते. एक फांदी ओढली की हातभर पट्टा सुटतो आणि तिथली वाळू वाऱ्यावर जाते. मोरजी, गालजीबागला तर वेलींच्या आसपास पाऊलही जपून टाका. याच दिवसांत तिथे कासवांची अंडी वाळूत असतात.