तळघरातलं 'गुप्त भुयार'
फ्रान्समधल्या खेड्यात जुनं दगडी घर दाखवताना एक गोष्ट हमखास ऐकवतात: खालच्या कमानदार तळघरातून मठापर्यंत किंवा किल्ल्यापर्यंत गुप्त भुयार जातं. पुरावा काय, तर भिंतीतली एक बुजवलेली कमान.

ही कमान बहुधा रस्त्याकडचं जुनं दार असते, नाहीतर वाटणीत शेजाऱ्याकडे गेलेल्या तळघराची वाट. बर्गंडीतल्या द्राक्षबागायतदारांची घरं बघा. तळघर अर्धं जमिनीत, त्याला बाहेरून थेट रुंद दार आणि वरच्या राहत्या खोलीकडे जाणारा दगडी जिना. पिंपं गडगडत आत न्यायची तर दार रुंदच हवं. लपवायचं काय त्यात! दगडी कमान वरचं वजन पेलते, आगीला दाद देत नाही आणि आत उन्हाळ्यातही गारवा टिकतो. वाइनला तोच लागतो.

प्रोव्हँ गावाखाली मात्र खरोखर बोगदे आहेत. पण त्यांतले बरेचसे लोकरीचं कापड स्वच्छ करायची माती खणताना झाले, असं मानतात.

आणि कमान दिसली की घर मध्ययुगीन, हेही खरं नाही. अशी तळघरं 18व्या-19व्या शतकातही बांधली जात होती.