जेम्सटाउन

जेम्सटाउन : उत्तर अमेरिकेत तग धरून राहिलेली इंग्रजांची पहिली वसाहत. स्थापना मे १६०७. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीकाठी. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. ही वसाहत म्हणजे मुळात व्यापाऱ्यांचा नफ्यासाठीचा उद्योग. कंपनीचा सूत्रधार सर टॉमस स्मिथ ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. पहिली तीन जहाजे जेम्सटाउनला आणणारा कॅप्टन क्रिस्टोफर न्यूपोर्ट याच्याच जहाजातून जहांगीराच्या दरबारात गेलेला इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला आला.

जागा निवडताना शत्रूचा विचार झाला, पाण्याचा झाला नाही. स्पॅनिश आरमाराच्या भीतीने समुद्रापासून बरेच आत, तीन बाजूंनी पाणी असलेली दलदलीची जमीन धरली. काठालगत पात्र इतके खोल, की जहाजे थेट झाडांना बांधता येत. स्थानिक पोहाटन लोकांची तिथे वस्ती नव्हती, पण ती का नाही हा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नाही. उन्हाळ्यात नदीचा ओघ मंदावला, की भरतीचे खारे पाणी तिथवर चढते. नदीत टाकलेली घाण वाहून न जाता भरती-ओहोटीबरोबर तिथेच मागेपुढे फिरते. तेच पाणी प्यायल्याने हगवण आणि विषमज्वर पसरला. त्यात १६०६ ते १६१२ सलग दुष्काळ होता, हे तिथल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या वाढीच्या वलयांवरून कळते. मेमध्ये उतरलेल्या १०४ जणांपैकी जानेवारी १६०८ मध्ये जेमतेम ३८ उरले होते.

किल्ला त्रिकोणी. नदीकडची बाजू ४२० फूट, उरलेल्या दोन ३०० फुटांच्या, आणि तिन्ही कोपऱ्यांवर तोफांचे बुरूज. उभे ओंडके खंदकात रोवून केलेले हे कुसू महिनाभरात उभे राहिले. मात्र १६०९-१०च्या हिवाळ्यात पोहाटनांनी वेढा घातला, तेव्हा हेच कुसू तुरुंग ठरले. बाहेर पडून शिकार करता येईना, मका मिळेना. सुमारे ३०० पैकी ६०च्या आसपास लोक वाचले. माणसे माणसांना खात होती या जुन्या लेखी हकिकतींना २०१२ मध्ये पुरावा मिळाला : सुमारे १४ वर्षांच्या मुलीच्या कवटीवर सुऱ्याचे घाव सापडले.

वसाहत वाचवली ती तंबाखूने. स्थानिक वाण उग्र व कडवट, त्याला लंडनमध्ये भाव नव्हता. वसाहतीतल्या जॉन रॉल्फने १६१२च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचे गोड वाणाचे बी लावून पाहिले. काम वेळखाऊ होते. वाफ्यात रोपे, मेच्या सुमारास लागण, मग शेंडा खुडणे, फुटवे काढत राहणे, अळ्या हाताने वेचणे, शेवटी कापणी करून झाडे छपरात टांगून सुकवणे. पान फार सुकले की चुरा होतो, ओल राहिली तर पिंपात कुजते. शिवाय तीन-चार पिकांत जमिनीचा कस संपतो. म्हणून सतत नवी जमीन आणि नवे हात हवेत. जमीन पोहाटनांची घेतली. त्याचा स्फोट मार्च १६२२च्या हल्ल्यात झाला, ३४७ वसाहतवाले मारले गेले. हात आधी इंग्लंडमधल्या करारबद्ध मजुरांचे होते. ऑगस्ट १६१९ मध्ये पहिले वीसेक आफ्रिकी बंदिवान विकले गेले आणि पुढे हळूहळू गुलामगिरी कायद्यात बसवली गेली.

त्याच १६१९ मध्ये, ३० जुलैला, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये २२ निवडलेल्या प्रतिनिधींची सभा बसली. कंपनीचा हेतू साधा होता : नवे लोक येऊन राहावेत. १६२४ मध्ये सनद रद्द होऊन वसाहत थेट राजाकडे गेली, तरी सभा टिकली आणि कर बसवण्याचा हक्क आपलाच असे मानू लागली. १६९९ मध्ये राजधानी विल्यम्सबर्गला हलली. तिथे १७६५ मध्ये याच सभेत पॅट्रिक हेन्रीने स्टॅम्प कायद्याविरुद्ध (वसाहतींतल्या कागदपत्रांवर ब्रिटिश संसदेने बसवलेला कर) ठराव मांडले. १७७४ मध्ये गव्हर्नर डनमोरने सभा बरखास्त केली, तर सभासद शेजारच्या रॅले खानावळीत जमले. जून १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, स्वातंत्र्याचा ठराव मांडणारा रिचर्ड हेन्री ली हाही व्हर्जिनियाचाच.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ रोजी इंग्रज फौजेने शरणागती पत्करली ते यॉर्कटाउन जेम्सटाउनपासून जेमतेम ३० किमीवर आहे. तिथे हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. टिपूविरुद्धच्या १७९१-९२च्या मोहिमेत मराठ्यांचे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने उतरले होते.

मूळ किल्ला नदीने गिळला असा बराच काळ समज होता. १९९४ पासूनच्या उत्खननात त्याचा बहुतेक भाग जमिनीखाली सापडला. आता मात्र चढत्या पाण्यामुळे तिथे वारंवार पूर येतो.