झेब्राफिशची जनुके कधी जागी होतात?

बेळगावात डिसेंबरच्या पहाटे बंद खोलीतही चांगलाच गारठा असतो, आणि झेब्राफिशच्या, म्हणजे प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या पट्टेदार माशाच्या, भ्रूणाचे वेळापत्रक बांधलेले आहे २८.५ अंश सेल्सिअसला. त्यामुळे इन्क्युबेटर नसेल तर ‘फलनानंतर चार तास’ या नोंदीला इथे फारसा अर्थ उरत नाही. या भ्रूणाच्या अवस्था ठरवणाऱ्या किमेल आणि सहकाऱ्यांचे १९९५ चे सूत्र सोपे आहे: प्रमाण तासांना, म्हणजे २८.५ अंशांवर लागणाऱ्या तासांना, (०.०५५ × तापमान − ०.५७) ने भागा. २५ अंशांवर चार तासांची अवस्था यायला जवळपास पाच तास लागतात. सूत्र चालते २५ ते ३३ अंशांपर्यंतच.

पहिली विभागणी पाऊण तासाने होते, पुढे साधारण दर १५ मिनिटांनी. या काळात भ्रूण स्वतःची जनुके जवळजवळ वापरतच नाही. आईने अंड्यात भरून दिलेल्या आरएनए (जनुकांच्या नकला) आणि प्रथिनांवर सगळा कारभार चालतो. दहाव्या विभागणीच्या सुमारास, ५१२ ते १००० पेशी असताना, म्हणजे पावणेतीन-तीन तासांनी, विभागण्या लांबू लागतात, पेशींचा एकसाथ ताल मोडतो आणि हजारो जनुकांचे वाचन, म्हणजे त्यांच्यावरून नवा आरएनए बनणे, सुरू होते. अपवाद आहेतच: मिर-४३० हा छोटा नियंत्रक आरएनए तर ६४ पेशींपासूनच दिसू लागतो, आणि पुढे आईचा आरएनए साफ करण्याचे काम त्याच्याकडेच असते.

नमुने घेताना खरी गफलत सुरुवातीलाच होते. फलन न झालेल्या अंड्यावरही जीवद्रव्याची टोपी चढते, तिच्यावर वेडेवाकडे फुगवटे येतात आणि घाईत ते विभाजन वाटते. म्हणून आठ पेशी नीट दोन रांगांत दिसल्याशिवाय अंडे निवडू नये. नर-मादी रात्री पडद्याने वेगळे ठेवून सकाळी पडदा काढावा, अंडी चहाच्या गाळणीने गोळा करावीत, एका पेट्री डिशमध्ये पन्नास-साठच ठेवावीत. पांढरी पडलेली लगेच काढावीत, नाहीतर बुरशी शेजारच्यांनाही धरते.

दुसरी फसगत मोजणीत. आईच्या आरएनएची पॉली-ए शेपटी, म्हणजे टोकाची ‘ए’ अक्षरांची रांग, पहिल्या काही तासांत लांबते. शेपटी धरूनच आरएनए वेचला, तर प्रमाण तेवढेच असूनही आलेख चढतो आणि जनुक ‘लवकर सुरू झाले’ असे वाटते. तपासायचे तर एका पेशीच्या अवस्थेत अल्फा-अमानिटिन हे जनुकांचे वाचन रोखणारे विष टोचावे. नवे वाचन थांबते. पेशी विभागत राहतात, पण बलकावर पसरत नाहीत. अशा भ्रूणांतही आलेख तितकाच चढला, तर तो चढ शेपटीचा.